निर्यातीच्या फुलदाण्या

३ मार्च, सोमवार

फुलदाण्या! चौदा वर्षं पाण्याचे पंप तपासले, गेल्या वर्षापासून तोफगोळे — आणि आजपासून म्हणे मी फुलदाण्या तपासते!

झालं असं की शुक्रवारी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत छाती ठोकून सांगितलं, या युद्धात आपण तटस्थ, कुणालाही एक गोळीसुद्धा देत नाही. ("गोळी म्हणाले, गोळा नाही म्हणाले" — आमचे साहेब.) पण मित्रदेशाकडे दर आठवड्याला माल तर जायलाच हवा. म्हणून वरून आदेश आला, कागदावरचं नाव बदला. साहेबांनी सगळ्यांना लेथपाशी जमवलं. "आजपासून 'गोळा' हा शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नये. काय म्हणायचं?" आम्ही शंभर जण एका सुरात — "फुलदाणी!" दुसरीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

तसं बघितलं तर आम्ही नुसतं पोलादी कवच करतो. आतली दारू तिकडे भरतात. बूड सपाट, वर निमुळती मान, तोंड उघडं. "मग फुलदाणी नाही तर काय?" — पुन्हा साहेब. ते स्वतःच्याच बोलण्याला भुलायला लागलेत.

५ मार्च, बुधवार

घरीही तेच सांगायचं असं फर्मान. घरच्यांना आजवर 'कारखान्यात तपासनीस' एवढंच ठाऊक. सांगितलं. सासूबाई उडाल्याच! "अगोबाई, आणि इतकी वर्षं घरात एक फुलदाणी नाही आणलीस?" हे शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांना लगेच नक्षी बघायची. म्हटलं, नक्षी नसते, साध्याच असतात. तर डोळे मिटून म्हणतात, "साधेपणातच खरं सौंदर्य."

जेवताना मी ठसका लागल्याचं नाटक केलं.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही. बंदरावरून फोन — कस्टमला नवा अधिकारी आलाय, त्याने पेटी उघडली. म्हणतो, फुलदाणी आहे तर फुलं ठेवून दाखवा!

साहेब, मी आणि लेथवाले काका गाडीत कोंबून निघालो. वाटेत डझनभर गुलाब घेतले. अधिकारी खुर्ची ओढून बसलेला, हातात यादी. आधी म्हणाला, पाणी ओता. ओतलं. तो गुडघे टेकून बुडाशी बोट फिरवत राहिला. थेंब गळेल तर शपथ! मला उगाचच अभिमान वाटला.

मग मी गुलाब घातले — आणि गुलाब गडप! देठासकट आत. दोन फूट खोल ती फुलदाणी, दिसणार काय? अधिकारी आत डोकावला. "फुलं कुठायत?" साहेबांना घाम. काका धावत गेले आणि कुणाच्या तरी कुंपणातून पुरुषभर उंचीचं सूर्यफूल उपटून आणलं. ते बसलं! अगदी ऐटीत!

"छान दिसतंय," अधिकारी म्हणाला. "पण पस्तीस किलो वजन कशासाठी?"

काका म्हणाले, "वाऱ्याने पडू नये म्हणून."

त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. सूर्यफूल बायकोसाठी ठेवून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

पोट अजून दुखतंय. काकांकडे बघायची सोय नाही.

२४ मार्च, सोमवार

निर्यात खात्याचं पत्र. फुलदाण्यांच्या निर्यातीत आमचा कारखाना देशात पहिला! हस्तकलेचा पुरस्कार!! पत्र वाचता वाचता साहेब पांढरेफटक पडले.

"नको म्हणून कळवू या का?" मी विचारलं.

"आणि का नको विचारलं तर?"

मग घ्यायला कोण जाणार? साहेबांचं बोट सरळ माझ्यावर. "तुमच्या चेहऱ्यावर कलाकार दिसतो." पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला कौतुकाचा शब्द.

२ एप्रिल, बुधवार

समारंभ पार पडला. व्यापारमंत्री बिचारे भाबडे, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. माइक माझ्यापुढे धरून विचारतात, "एवढी प्रेरणा कुठून मिळते?" काय सांगू? म्हटलं, "मागणीच फार आहे." टाळ्यांचा कडकडाट! पलीकडच्या खुर्चीतल्या संरक्षणमंत्र्यांना असा खोकला आला की दोघांनी पाठ चोळली.

सासूबाई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होत्या. येताना टॅक्सीवाल्यालाही सांगितलं, "माझी सून. कलाकार आहे." खरं सांगावंसं वाटलं. हिंमत झाली नाही.

९ एप्रिल, बुधवार

साहेब हसत हसत टेबलाशी आले. "घ्या, तुमच्या चाहत्याचं पत्र!" मित्रदेशातून आलेलं, सोबत आपल्या भाषेतला तर्जुमा. आम्हा प्रत्येक तपासनिसाचा नंबर गोळ्याच्या बुडाशी ठोकलेला असतो, माझा सतरा. लिहिणारा तोफेवरचा कुणी शिपाई.

"सतरा नंबरवाल्यांना नमस्कार. दुसऱ्यांचे कधीमधी फुसके निघतात, तुमचा एकही नाही. नदीपलीकडच्या गावावर आम्ही एका सकाळी तुमचे चाळीस टाकले. चाळीसच्या चाळीस लागले. आता तिकडे काही हलत नाही. आभार."

"काचेत लावू या भिंतीवर," साहेब म्हणाले. मी हो म्हटलं. हो म्हटलं!

चाळीस म्हणजे माझं अर्ध्या दिवसाचं काम. ते नेमके कोणत्या दिवशी तपासले, खूप आठवून पाहिलं. नाही आठवत. रात्री घरी हे दोनदा विचारून गेले, बरं नाही का. म्हटलं, डोकं दुखतंय.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारपर्यंत चाळीस तपासले. चाळीसही नापास केले. साहेब धावत आले. मापं बघितली, मान बघितली, बूड बघितलं. "अहो, सगळं बिनचूक आहे! दोष काय यांच्यात?"

म्हटलं — फुटतात.