भोपळेबाबा नापास!

सोमवार, ३ मार्च

बाबा नापास!

मी लिहिते त्या कार्टून मालिकेचे पहिले दोन भाग आज प्रेक्षकांना दाखवले. छोटं सभागृह, पुढे पोरं, मागे पालक. आई पास. मुलगी पास. घरातलं कासवसुद्धा पास — त्याला तर एकही संवाद नाही! भोपळेबाबा मात्र सपशेल आपटला. एक आजोबा म्हणाले, "हसू येतं हो, पण असला माणूस घरात नको." आणि एक लहान मुलगी — "तो मज्जा करतो. पण त्याला काही सांगावंसं नाही वाटत."

हे लागलं.

निर्मात्या बाई एवढंच म्हणाल्या, "महिनाभरात बाबा प्रेमळ कर. नाहीतर गाशा गुंडाळू."

अडचण अशी की भोपळेबाबा म्हणजे हुबेहूब माझा नवरा. उलटा पायजमा, फोनवर बोलताना घरभर येरझाऱ्या, बरणीचं झाकण उघडताना काढलेले आवाज — सगळं जसंच्या तसं उचललंय. हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

मंगळवार, ४ मार्च

आमच्या चित्रकाराचं — चष्मेवाल्याचं — म्हणणं, डोळे मोठे केले की माणूस प्रेमळ दिसतो. केले मोठे. आता तो पोट साफ न झाल्यासारखा दिसतोय.

शुक्रवार, ७ मार्च

भोपळेबाबाला सद्गुणी केला. भांडी घासतो, अभ्यास घेतो, आवाज चढवत नाही. वाचून दाखवताना चष्मेवाल्याला डुलकी लागली. निर्मात्या बाई म्हणाल्या, "अगं, हा बाबा आहे की शोकसभेतला मयत? नुसते गुणच गुण!"

रविवार, ९ मार्च

फुटलं बिंग!

सकाळी कन्यारत्नानं माझा कॉम्प्युटर उघडला आणि किंचाळलं, "आई, हा तर आपला बाबा!" आपला बाबा नेमका तेव्हाच बाहेर आला — एका गालाला फेस, दुसरा गाल गुळगुळीत. पडद्यावर भोपळेबाबा तसाच उभा. अर्धी दाढी, हातात फोन.

चिडेल असं वाटलं होतं. त्यानं शांतपणे पूर्ण भाग पाहिला. मग विचारलं, "लोकांना आवडला?"

मी कॉम्प्युटर मिटला.

"बरं," म्हणाला आणि आत गेला. दुपारपर्यंत अर्ध्या दाढीनंच फिरत होता. त्याला चितारलं याचं दुःख नाही, नापास झाला याचं!

बुधवार, १२ मार्च

नवरा सुधारायच्या मागे लागलाय. देवा, सोडव! रोज संध्याकाळी विचारतो, "आज मी कसा होतो?"

आज मुलीच्या चित्राचं कौतुक करायला गेला. "वा! काय झकास हत्ती काढलायस!"

"बाबा, ती आई आहे."

रविवार, १६ मार्च

मुलीचा पोहण्याचा क्लास. बाकीची पोरं बेडकासारखी उड्या मारतायत आणि ही दांडा धरून पायरीवर. डोकं पाण्यात घालायचंच नाही म्हणते. ओठ थरथरत होते बिचारीचे. नवरा बाकावरून ओरडला, "अगं पाणीच आहे, मगर नाहीये! आणि असली तरी तुला चावून तिचेच दात दुखतील!"

सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मगरीचा विनोद मनात टिपूनही ठेवला — पुढच्या भागाला चालेल.

ती हसली नाही. येताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. "काय झालं गं?" तर म्हणे, "काही नाही."

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना नवरा एकदम म्हणाला, "गाडी शिकायला येतात ना माझ्याकडे, त्यांचे हात स्टिअरिंगवर लटलट कापतात. मोठमोठी माणसं. मी आजवर कुणालाही हसलो नाही. शिकवताना हसायचं नसतं. मग तिला कसा हसलो?"

त्याच्या हातातली घडी फार वाकडी होती.

रविवार, २३ मार्च

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

तलावाच्या उथळ बाजूला, आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत — माझा नवरा! डोक्यावर पिवळी रबरी टोपी, पोट पाण्यावर तरंगतंय. प्रशिक्षक म्हणाले, "काका, पालकांनी बाहेर बसायचं."

"मी पालक नाही. नवीन विद्यार्थी आहे. कालच नाव घातलंय."

मुलीचं तोंड उघडंच. तो तिच्याजवळ सरकला. "तुला सांगितलं नव्हतं. मला पोहता येत नाही. डोकं बुडवायची तर तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून गेल्या रविवारी फाजील बडबड केली. चुकलंच माझं. आता मला हसू नकोस हं."

ती हसली नाही. तिनं दांडा सोडला — स्वतःहून! — आणि त्याचा हात धरला. "बाबा, नाकातून फुस्स करायचं. घाबरू नको, मी आहे ना. एक, दोन..."

दोघं खाली गेले. वर आले तेव्हा नवऱ्याच्या नाकातोंडात पाणी, खोकून खोकून डोळे लाल. आणि ती ओरडतेय, "परत! परत!"

घरी येताना विचारलं, "हे सगळं भोपळेसाठी केलंस ना?"

"कोण भोपळे?" म्हणाला.

नाटक करत नव्हता. खरंच विसरला होता!

सोमवार, २४ मार्च

एका बैठकीत भाग लिहून काढला. भोपळेबाबा आहे तसाच ठेवलाय — पायजमा उलटा, बरणी उघडत नाही. डोळेही पुन्हा बारीक केले. फरक एकच. पोर घाबरलं की तो आता विनोद करत नाही. आधी स्वतः पाण्यात उतरतो.

चष्मेवाल्यानं वाचून चष्मा पुसला. "धूळ फार आहे इथे," म्हणाला. हो, धूळच!

गुरुवार, ३ एप्रिल

उद्या पुन्हा प्रेक्षक. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

बाबा पास! पोरांनी टाळ्या पिटल्या. ते आजोबा पुन्हा आले होते, नाक शिंकरत बाहेर पडले.

मग निर्मात्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "बाबा उत्तम झाला गं. पण आता आई कुणाला आवडेना. पाण्यात न उतरता काठावरून हसते, म्हणाली पोरं. ही कुणावरून घेतलीस?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. सरकून शेजारी बसला.