बाटलीचं नाव मामा

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. खोलीत नवा पंखा आलाय, पण तो मुकादमाच्याच डोक्यावर फिरतो. काम तेच, साखरेच्या गोणी फोडून कोल्ड्रिंकच्या टाकीत ओतायच्या. अंघोळ केली तरी हात चिकट. मुंग्या माग काढत अंथरुणापर्यंत येतात.

तुझं पत्र मिळालं. चिमणीच्या दाढा किडल्या, डॉक्टरीणबाई रागावल्या, सगळं वाचलं. आणि शाळेत बाई कोल्ड्रिंकचे तोटे सांगत होत्या, तर आमचं रत्न उभं राहून म्हणालं, "मामा वाईट नाहीये!" बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत, मी कंपनीच्या ड्रायव्हरकाकांबरोबर बाटल्यांचं खोकं पाठवतो म्हणून तुमच्या घरात बाटलीलाच मामा म्हणतात. "आई, थंडगार मामा दे." तूसुद्धा हसायचीस की गं.

माझं ऐकत नाही, तूच समजाव, असं तू लिहिलंस. म्हणून काल फोन केला.

"चिमणे, एका बाटलीत मूठभर साखर असते. मीच ओततो ना! रोज प्यायलं की दात किडतात, वजन वाढतं, मोठेपणी साखरेचा आजारसुद्धा होऊ शकतो."

"खरंच?"

"आईशप्पथ."

"मग तू का ओततोस?"

रेंज गेली म्हणालो आणि फोन ठेवला. रेंज होती, ताई.

पोटासाठी ओततो, हे एवढ्याशा पोरीला कसं सांगायचं? माझ्या पायाला भिंगरी, तुला ठाऊकच आहे. हेही काम सोडलं असतं. पण हल्ली कंटाळायचासुद्धा कंटाळा येतो.

खोकं बंद केलंय. ड्रायव्हरकाका म्हणाले, "काय रे, भाचीवर रुसलास?" मी हसलो. पण त्यांना नको सांगणं जड गेलं. किती दिवसांत आलो नाही मी. माझं तोंड तरी आठवतं का तिला? खोकं यायचं म्हणून घरात माझं नाव निघायचं.

असो. तिला साधं पाणी दे. थोडे दिवस "मामा हवा" म्हणून रडेल. रडू दे, विरघळू नकोस. फक्त कुठला मामा, ते तिला विचारू नकोस. आणि विचारलंसच, तर मला कळवू नकोस.

तुझ्या लेकीचा, लांबचा का होईना,
मामा