पाचवं शील

सानपाडा, नवी मुंबई
८ जानेवारी १९९६

आदरणीय आत्यास,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये, त्यात हे लिहायचं जिवावर आलं होतं. पण दादाच म्हणाले, अक्काला विचार, ती म्हणेल तसं करू. साठी उलटली तरी तुझ्या भावाला थोरल्या बहिणीची परवानगी लागते, याचं आम्हाला हसू यायचं. आता येत नाही.

दादांचा कॅन्सर हाडांत उतरलाय. तो बरा होणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या की आजार थांबवता येत नसला तरी दुखणं थांबवता येतं, आणि तेही उपचारच आहेत. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. पण त्या अफूपासून करतात हे दादांच्या कानावर आलं आणि सगळं अडलं. मी पाचवं शील घेतलेला माणूस, नशेला शिवणार नाही, म्हणतात. मार्केटातल्या किती माथाड्यांची दारू त्यांनी सोडवली, तुला ठाऊकच आहे. आता दातओठ खाऊन कळा सोसतात. काय करू ते कळव.

तुझी भाची,
संघप्रिया

खेड, जि. रत्नागिरी
१५ जानेवारी १९९६

चि. संघप्रियास,
आत्याचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चूल पेटवावीशी वाटली नाही. तरी खरं ते लिहिते. गोळी देऊ नकोस. आमच्या बापाने हातभट्टीपायी घर मातीत घातलं. एकदा तर दारात उभ्या गंगाला, तुझ्या दादांना, विचारलं, तू कुणाचा रे? एवढंसं पोर होतं ते. पुढे आम्ही दीक्षा घेतली तेव्हा चार शीलं गंगा सगळ्यांबरोबर म्हणाला, पण पाचवं असं ओरडून म्हणाला की लोक वळून बघायला लागले.

बरं करता येईना की डॉक्टर गुंगी देऊन माणसाला गप्प करतात, असं मला वाटतं. दुसरा डॉक्टर बघा. गंगा शुद्धीत आहे तोवर आपला आहे. तू जेवत जा, हाडांची काडं करून घेऊ नकोस.

तुझी आत्या,
जाईबाई

सानपाडा
३० जानेवारी १९९६

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रागावशील, पण दादांनी गोळी घेतली. मी दिली नाही, त्यांनीच मागितली. झालं असं की माझी गौतमी आजोबांच्या गळ्यात पडायला गेली. तेवढ्यात कळ उठली आणि त्यांनी तिला ढकललं. ही कुणाची पोर, न्या हिला, म्हणून ओरडले. कळ ओसरल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, न पिताच मी आमच्या बापावर गेलो. मग गोळी मागितली.

ते गुंगीत पडून राहतील अशी भीती मलाही होती. दोन दिवस झोपाळले खरे. मग उठून दाढी केली, आणि सारसोळ्याच्या कोळणीकडचे बोंबील शिळे आणलेस म्हणून माझ्याशी भांडले. घरी येणाऱ्या वैजयंती सिस्टर म्हणतात, गोळी वेळच्या वेळी द्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. दुखण्यापुरती मोजून दिली की तिचं व्यसन लागत नाही. त्या दादांना झोपेचं विचारतात, भीती कसली वाटते ते विचारतात. मलाही विचारतात, जेवलीस का. इतके दवाखाने फिरले, कुणी विचारलं नव्हतं.

पण एक सलतंय. संध्याकाळी वंदनेला दादा चार शीलं म्हणतात आणि थांबतात. जे पाळत नाही ते तोंडाने म्हटलं तर खोटं न बोलण्याचं चौथंही मोडेल, म्हणतात. आम्ही पाचवं म्हणतो आणि ते मान खाली घालून बसतात. मला बघवत नाही गं. तूच त्यांना लिही, मी वाचून दाखवीन.

तुझी,
संघप्रिया

खेड
७ फेब्रुवारी १९९६

चि. गंगास,
अक्काचा जयभीम.

पंचशील तुझ्याकडून पाठ मी करून घेतलं, तेव्हा चूक काढायचा हक्कही माझाच. चारांवर थांबलास तर धडा अर्धा राहिला.

चूक मीही केली. गोळी नको म्हणून लिहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपला बाप होता, तू नव्हतास. तो प्यायचा आणि तुला ओळखायचा नाही. तू गोळी घेतोस आणि नातीला ओळखतोस. ही नशा कशी होईल? तुझी शुद्ध दुखण्याने नेली होती, औषधाने ती परत आणली. तुझं शील मोडलेलं नाही. बिनधास्त म्हण. मात्र ओरडू नकोस, लोक वळून बघतात.

बोंबील खरंच शिळे असतील तर खाऊ नकोस. पाय टेकता आला की येते. वाट बघ म्हणायला जीभ धजत नाही, तरी बघ.

तुझी अक्का,
जाईबाई

सानपाडा
१२ मार्च १९९६

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम.

दादा काल गेले. तार मिळालीच असेल. पायामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं. बोंबलांवर हसले. त्या संध्याकाळी चार शीलं झाली, आम्ही सवयीने पुढचं धरणार, तर हात वर करून आम्हाला थांबवलं आणि पाचवं एकटे म्हणाले. आवाज बारीक होता, पण अडखळले नाहीत. त्यानंतर रोज म्हणत राहिले. औषध वाढवावं लागलं, तरी शेवटपर्यंत माणूस आमचा होता.

काल गौतमी बालवाडीला निघाली, तर तिला जवळ बोलावून कॉलरचं बटण लावलं आणि विचारलं, तू कुणाची गं? मला वाटलं, तिला ओळखत नाहीत. पण ते हसत होते. तुमची, म्हणाली ती. दादा म्हणाले, हो, माझीच. ती घरी यायच्या आत गेले.

आत्या, दादांच्या वाटणीची माया आता आमच्यावर कर.

तुझी,
संघप्रिया