न बदललेली कूस

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. बाबांचा गुडघा अजून दुखतो का?

सोमवारी मात्र कामावर एक प्रकार घडला. आमच्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते. तक्त्यावर आठवडाभराच्या सगळ्या सह्या होत्या. मी त्यांना वळवलं, तर पाठीला तळहाताएवढी जखम, तिला चादर चिकटलेली. आजी म्हणाल्या, "मला कुणी हलवलंच नाही गं."

मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या, "सगळ्याच असं करतात. तूही सही ठोक."

जखमेची मला किळस येत नाही, तुला ठाऊक आहे. त्या हसण्याची आली. शी! "जे केलं नाही, त्यावर सही करणार नाही," म्हटलं, आणि डॉक्टरांना बोलावून जखम दाखवली. तक्रारही लिहून दिली.

आता माझ्याशी कुणी बोलत नाही. काळजी करू नकोस, आजी बोलतात. आज मलमपट्टी करताना त्यांनी विचारलं, "तुझी बदली करणार म्हणे?"

"बहुतेक."

"मग जायच्या आत मला बरी कर."

दादाला यातलं काही कळवू नकोस, तो उगाच चिडेल.

तुझीच,
धाकटी