मूल मावेल एवढा फुगा

४ डिसेंबर

छापलं! विज्ञान संग्रहालयाच्या बालमेळ्याचं पत्रक आलं. ठळक अक्षरांत — 'मूल आत मावेल एवढा साबणाचा फुगा! संकल्पना :' आणि पुढे ताईचं नाव. माझ्या सख्ख्या ताईचं.

संकल्पना म्हणे! महिनोन्महिने बाथरूममध्ये कोण बसलं होतं? ग्लिसरीन किती घालायचं, मिश्रण रात्रभर का मुरू द्यायचं, फुगा काढायच्या रिंगला सुती कापडच का गुंडाळायचं — सगळं माझं. ताई तिथे नोकरीला, म्हणून विश्वासाने दाखवलं. 'भन्नाट आहे गं!' म्हणाली होती. भन्नाट होतं म्हणूनच लंपास केलं.

५ डिसेंबर

भांडायचं नाही. भांडलं की ती रडते आणि आई मलाच बोलते. लहानपणापासून हेच चालत आलंय. या वेळी गोड बोलूनच काटा काढणार.

फोन केला. 'ताई, मेळ्यात मदतीला येऊ का?' इतकी खूश झाली की मला क्षणभर — नाही. काही झालं नाही मला.

९ डिसेंबर

स्वयंसेवकांची तालीम. पिवळा टी-शर्ट मिळाला, पाठीवर 'मला काहीही विचारा'. विचाराच!

ताई सगळ्यांना बजावत होती, 'हाताला तेल, क्रीम काही लावून यायचं नाही हं. जरा तेलकटपणा लागला की फुगा धरतच नाही.' माझंच वाक्य, मलाच ऐकवतेय!

बरं झालं आठवण करून दिली.

१२ डिसेंबर

यांना सांगून टाकलं. 'अगं, सख्खी बहीण आहे तुझी!' म्हटलं, म्हणूनच. परक्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं.

१३ डिसेंबर

केलं!

रिंग पुसायचं काम मीच मागून घेतलं. डबीतून तेल नेलं होतं. कापडाला सगळीकडून चोळलं.

हॉल खच्चून भरलेला. संग्रहालयाचे डायरेक्टर पहिल्या रांगेत. दोन वेण्यांची एक मुलगी मिश्रणाच्या टबातल्या स्टुलावर उभी. ताईने रिंग उचलली — गुडघ्यापर्यंत आली आणि फुगा फुटला. पुन्हा. पुन्हा! मागची पोरं ओरडायला लागली. ताईचे केस साबणाच्या पाण्याने कपाळाला चिकटलेले, आणि सारखी माझ्याकडे बघतेय. बघ म्हटलं. डायरेक्टर उठून गेले.

घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी!

फक्त ती मुलगी स्टुलावरून उतरताना म्हणाली, 'मी जाडी आहे म्हणून का?' ताई तिला जवळ घेऊन म्हणत होती, 'नाही गं राणी, तुझं काही चुकलं नाही.' ते काही डोक्यातून जात नाही.

१४ डिसेंबर

ताई येऊन गेली. डोळे सुजलेले. तिने डायरेक्टरना कधीच सांगून ठेवलं होतं, हे सगळं माझ्या बहिणीचं आहे. पत्रकात माझ्याऐवजी तिचं नाव छापून आलं, त्यावरून त्यांच्याशी भांडलीसुद्धा होती. ते म्हणाले होते, आधी फुगा होऊ दे, मग बहिणीला मंचावर बोलवा, आपल्याकडे कामालाच घेऊ तिला. मला सांगितलं नाही, कारण ताईला माझा तेव्हाचा चेहरा बघायचा होता.

आता ते नको म्हणतायत.

'माझंच प्रमाण चुकलं गं,' ताई म्हणाली. 'माफ करशील ना मला?'

मी म्हटलं, असू दे.