बोर्डावरचं हसू

सालेकसा,
६ एप्रिल

ती. चेतनाताईस रेणूचा नमस्कार.

आईचे गुडघे कसे आहेत? इकडे मोहाची फुलं पडून राहिली आहेत, सकाळी सगळी गल्ली गोड वासाने भरते. मी भागीरथाकडे राहते. शिवणवर्गात माझ्यासोबत होती, ती. ती ब्लाऊज शिवते, मी काजं-बटणं करते आणि साड्यांना फॉल लावते. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून कागदावर लिहिते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझ्या योगराजचं लग्न ठरलं, आनंद झाला. फोटोचं काम यांना दिलंस, तेही कळलं. यांनीच सांगितलं होतं, जेवता जेवता. "तुह्या ताईनं मले बोलावलं, तुले नाही. म्हणते, जावई भला माणूस हाय, आमचीच पोरगी तशी निघाली."

भला आहे की नाही, ते तू ठरव. मी काय झालं तेवढं लिहिते.

मला फोटोत नीट बसता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि यांचा तर धंदाच नवरीमुलींना हसवण्याचा. स्टुडिओत एखादी पोरगी आखडून बसली की हे म्हणतात, "श्वास सोड. खांदे पाड. दातावर दात ठेवू नको. माझ्याकडे पाहूच नको, घरी कोण कोण हाय ते सांग." बोलता बोलता ती सैल पडते, हसते आणि हे बटण दाबतात. या कामात यांच्यासारखा माणूस अख्ख्या गोंदियात नाही.

मला मात्र ते जमेना. सैल व्हायला जाई तितकी मान ताठ होई. मग हे हनुवटी धरून मान फिरवत, गालाला चिमटा घेत, गाल लाल होईपर्यंत. "मुडदाही तुझ्याहून बरा दिसते." आमच्या लग्नातला माझा एक फोटो मोठा करून यांनी स्टुडिओत लावला होता. गिऱ्हाईक आलं की दाखवायचे, "असं बसायचं नाही." लोक हसत. मी चहा घेऊन आले की ओळखत आणि आणखी हसत. तुला हे कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, फोटोच तर आहे.

स्टुडिओला नवा बोर्ड लावायचा होता. ठरलेल्या पोरीने ऐनवेळी नाही म्हटलं, म्हणून मला उभं करायचं ठरलं. धान पिकून पिवळं झालं होतं, कापणी लागायच्या आत फोटो हवा होता.

त्या दिवशी पहाटे यांचा फोन वाजला. दारात उभं राहून बोलले, "हो हो, निघतोच आम्ही." मी विचारलं, कोणाचा? "पार्टीचा." मग यांनी स्वतः चहा केला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. माझा मोबाइल बंद करून आपल्या बॅगेत ठेवला. फोटो काढायला जाताना नेहमीच ठेवत, म्हणून मी काही म्हटलं नाही.

आम्ही नागझिऱ्याच्या रस्त्याला एका बांधावर गेलो. मी लाली लावलेली, काजळ घातलेली, मोरपंखी साडी नेसलेली. हे एकदाही ओरडले नाहीत. "दमली का? पाणी पी." मला वाटलं, माणूस बदलला. ताई, त्या सकाळी मी सुखात होते.

मी हसले. कशाला हसले ते राहू दे.

फोटो झाले. यांनी कॅमेरा बॅगेत ठेवला, चेन लावली आणि म्हणाले, "चल, दवनीवाड्याले जा लागते. तुझे बाबूजी गेले."

"कवा?"

"पहाटेच. तुझ्या कैलाशदादाचा फोन आला होता ना."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं चेहरा गेला असता."

रागाने नाही म्हणाले. गिऱ्हाईकाला उजेडाचं समजावतात तसं म्हणाले.

पुढचं तू पाहिलंस. आम्ही पोचलो तेव्हा माणसं घाटावरून परतत होती. वाटेत लाली पुसायला गेले तर ती सगळ्या तोंडाला लागली. माझ्या आधी हेच तुझ्याशी बोलले, "काय सांगू ताई, हिचं तयार होणंच सरत नव्हतं." मी नुसती पदराने लाली पुसत राहिले. संध्याकाळी यांनी तो फोटो स्टेटसला लावला. तू मोबाइल माझ्यासमोर धरलास. "बाप मेला अन् ही हसून राहिली होती." सगळ्यांदेखत मारलंस. ते लागलं नाही. आईने तोंड फिरवलं, ते लागलं.

कशाला हसले, ते लिहिलं नाही तर पत्र अर्धं राहील. मी बांधावर आखडून उभी होते. हे म्हणाले, "तुझ्या बाबूजीची एखादी गंमत सांग ना." मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली सांगितली. बाबूजी दंडारीच्या खेळात राणी झाले होते आणि मिशी काढायला तयार नव्हते. पदराने तोंड झाकून नाचले. पदर खांबाच्या खिळ्याला अडकला, मिशी उघडी पडली आणि तू पुढच्या रांगेतून ओरडलीस, "हे तं आमचे बाबूजी!" हे विचारत राहिले, "मग? मग बाबूजी काय म्हणाले?" मी सांगत राहिले, हसत राहिले. बाबूजींना अंगणात निजवलं होतं, कैलाशदादा माझी वाट पाहून राहिला होता, आणि या माणसाला ते ठाऊक होतं.

आता त्याला "हे" लिहवत नाही.

बोर्ड चौकात लागला. पोरी येऊन म्हणू लागल्या, या ताईसारखं हसू पाहिजे. होळीनंतर दुर्गेशने मला पुन्हा स्टुडिओत बसवलं. नवा फोटो हवा होता. दिवा लावला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "तुझ्या आईची एखादी गंमत सांग."

मी विचारलं, "आई बरी हाय ना?"

तो हसला. "तू सांग तं आधी."

मोबाइल त्याच्याच खिशात होता. मी स्टुलावरून उठले आणि तशीच पायी स्टेशनवर गेले. तिथे एका बाईचा फोन मागून आईला लावला. आई म्हणाली, "कोन बोलते?" मी फोन ठेवला आणि सालेकशाच्या गाडीत बसले.

लग्नात त्याला बोलव नाहीतर नको बोलवू. काम तो चोख करतो, तुम्हा सगळ्यांचे फोटो छान येतील. फक्त आईला तो एकटीला बसवेल, तेव्हा तू तिच्याजवळ उभी राहा, तो कोणाची गंमत सांगायला लावतो ते ऐक.

बाबूजींची धाकटी,
रेणू