भाद्रपदातला प्रयोग

शनिवार, सप्टेंबर. हूरा, बहरीन.

आप्पा, आज सुट्टी आहे. सकाळी चहा केला, काल वापरलेली बरणी पुसून ठेवली, दोन कपडे वाळत घातले. ते संध्याकाळपर्यंत वाळतील असं वाटत नाही. या महिन्यात इथली हवा इतकी दमट असते की दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. हे ड्युटीवर गेले आहेत. घरात मी एकटीच आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. काल इथल्या गणेशोत्सवात मी तुमचा प्रयोग केला. तो कसा झाला ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण त्यात एवढं काय होतं हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

तालुक्याच्या वाचनालयातून तुम्ही एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी युरोपात विज्ञानाचे फिरते व्याख्याते असत, त्यांची माहिती त्यात होती. तेव्हा विज्ञान हा शब्दही रुळला नव्हता, त्याला निसर्गाचं तत्त्वज्ञान म्हणत. ही माणसं यंत्रांच्या पेट्या घोडागाडीत घालून गावोगाव जात, खाणावळीतली मोठी खोली भाड्याने घेत, आणि दुकानदार, सुतार, घड्याळजी अशा लोकांना हवेचा पंप दाखवत, विजेची ठिणगी दाखवत. रात्री जेवताना तुम्ही आईला हे सांगायचात. "बायकासुद्धा तिकीट काढून यायच्या," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघायचात. तुम्हाला सगळ्यात आवडायची ती शिपायांची गोष्ट. राजासमोर शिपायांनी एकमेकांचे हात धरून रांग केली, पहिल्याच्या हातात वीज भरलेली बरणी दिली, शेवटच्याने तिच्या तारेला बोट लावलं, आणि सगळी रांग एकदम उडाली. हे आपल्या गावात झालं पाहिजे, असं तुम्ही ठरवलंत.

आईची लोणच्याची बरणी तुम्ही मागून घेतलीत. चहाच्या पेटीतला चांदीचा कागद तिला आतून-बाहेरून चिकटवलात, झाकणातून खिळा खाली सोडलात. प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा तुमच्या लोकरीच्या मफलरने घासायचा आणि खिळ्याजवळून फिरवायचा, असं तीस-चाळीस वेळा. रंगीत तालीम आपल्या स्वयंपाकघरात झाली. मी चुलीजवळ बरणी धरून बसले आहे, आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाइप घासता आहात. मी खिळ्याला बोट लावते आणि ओरडून मागे पडते. आई म्हणते, "पोरीला माराल एखादवेळी." तुम्ही इतके हसता आहात की तुम्हाला बोलता येत नाही. तसे हसताना मी तुम्हाला फार वेळा पाहिलं नाही.

मग गणपतीत, देवळाच्या सभामंडपात, बाहेर पाऊस धो धो पडत असताना, सगळा गाव जमला. तुम्ही अर्धा तास सुरेख बोललात. वीस माणसांची रांग झाली, टोकाला मी, दहा वर्षांची. तुम्ही पाइप घासला, पुन्हा घासला. घामाने तुमचा सदरा पाठीला चिकटला होता. मी खिळ्याला बोट लावलं. काहीच नाही. पुन्हा लावलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरानू, तुमची वीज पण बोर्डाचीच दिसता!" सगळा मंडप हसला. मला ते सहन झालं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "लागला! मला लागला शॉक!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग लोकांकडे वळून शांतपणे म्हणालात, "तिला काही लागलेलं नाही. प्रयोग फसला आहे. का फसला ते मला आत्ता सांगता येत नाही." घरी येताना एका छत्रीतून चालताना एवढंच बोललात, "झालं नाही ते झालं म्हणू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: कालचा प्रयोग फसला. कारण हवेतला ओलावा. तालीम चुलीपाशी केली, ही माझी चूक. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा वेळ मागितलीत, तेव्हा मंडळाने ऑर्केस्ट्रा ठरवला होता. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. बरणी माळ्यावर गेली.

मी डिप्लोमाला कोल्हापूरला निघाले तेव्हा तुम्ही तोच मफलर मला दिलात. "तिकडे थंडी असते," म्हणालात. इथे मी मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये दाबाची मीटर तपासते. बरोबर आहे की नाही ते मोजायचं आणि सही करायची. घाईत असलेला माणूस म्हणतो, "मॅडम, खलास, थोडासा ही तो फरक है, साइन कर दो." मी करत नाही. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण मी सही केलेलं मीटर कुणी पुन्हा तपासत नाही, आप्पा. हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

काल हॉलमध्ये मला पंधरा मिनिटं दिली होती. मी व्याख्यात्यांची गोष्ट सांगितली, तुमच्यासारखी नाही, पण सांगितली. रांगेत पुण्याचे एक बँकवाले होते, त्यांचा हात धरून सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर. तो म्हणाला, "ताई, शॉक लागलो तर माझो व्हिसा कॅन्सल नाय मा होवचो?" टोकाला एक आठ वर्षांची मुलगी. "आंटी, विल इट हर्ट?" मी म्हटलं, "थोडंसं." घरी एसीत चार वेळा जमलेला प्रयोग. मुलीने बोट लावलं आणि काहीही झालं नाही.

आरतीनंतर प्रसादासाठी हॉलची दोन्ही दारं सताड उघडी होती. बाहेरची सगळी दमट हवा आत आली होती. मी घरी एसीत तालीम केली आणि दारांचा विचारच केला नाही. म्हणजे तुमचीच चूक मी केली, फक्त चूल बदलली. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "ताई, झाला म्हणून सांगा ना, लोक टाळ्या वाजवतील. यल्ला, लवकर करा, पुढचा डान्स खोळंबलाय." मला स्टेजवर बोलायची सवय नाही. पण माइक घेऊन मी म्हटलं, "प्रयोग फसला आहे. का फसला ते मला माहीत आहे. आधी मुलांचा डान्स होऊ द्या, दारं बंद करा, आणि मला पुन्हा पाच मिनिटं द्या." कुणी हसलं नाही.

डान्स चालू असताना मी नाचणाऱ्या मुलींचा हेअर ड्रायर मागून घेतला आणि बरणी, पाइप, मफलर सगळं वाळवलं. मग पुन्हा रांग. या वेळी पाइप घासताना मफलर तडतडला, तेव्हाच मला कळलं. मुलीने बोट लावलं, आणि बँकवाल्यांपासून तिच्यापर्यंत सगळी रांग एकदम उडाली. ड्रायव्हर ओरडला, "आवशीक खाव!" आणि मग सगळा हॉल रांगेत यायला निघाला. तीन वेळा करावा लागला, आप्पा. भाद्रपदात.

एक गोष्ट राहिली. तुमचा मफलर मी कधी धुतला नाही. हे विचारतात तेव्हा मी सांगते की साबणाने लोकर बिघडते, मग वीज तयार होत नाही. हे मी कधी तपासून पाहिलेलं नाही. खरं तर तसं काही नसावं.

हा लिहिलेला कागद आता चार घड्या करून बिस्किटांच्या डब्यात मफलरखाली ठेवते. चहाचा कप तसाच पडला आहे, तो विसळते.